फलनकालीन विद्युत् व कॅल्शियम प्रतिसाद (सागरी अपृष्ठवंशी प्राणी)

फलनकालीन विद्युत् व कॅल्शियम प्रतिसाद म्हणजे शुक्राणूचा संपर्क झाल्यावर अंडपेशीत काही सेकंदांत सुरू होणारे आणि काही मिनिटे टिकणारे दोन परस्परसंबद्ध बदल होत. पहिल्या बदलात अंडपेशीच्या पटलाच्या आतील व बाहेरील बाजूंमधला विद्युत् दाबाचा फरक (पटल विभव) झपाट्याने बदलतो. दुसऱ्या बदलात पेशीच्या आत साठवलेले कॅल्शियमचे आयन मुक्त होतात आणि त्यांची लाट अंडपेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. सी-अर्चिन, तारामासा, अ‍ॅसिडियन, शिंपले, सागरी कृमी अशा अपृष्ठवंशी प्राण्यांत या दोन्ही प्रतिसादांचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे. या प्राण्यांची अंडी पाण्यात मुक्तपणे सोडली जातात, बहुधा पारदर्शक असतात आणि काचेच्या बशीत समुद्राच्या पाण्यात सहज फलित होतात. त्यामुळे फलनक्रियेविषयीचे आजचे बरेचसे मूलभूत ज्ञान प्रथम त्यांच्यावरून मिळाले.

एकाच शुक्राणूची आवश्यकता

सी-अर्चिन हा खडकांच्या कपारीत राहणारा, अंगभर काटे असलेला गोलाकार कंटकचर्मी प्राणी आहे. मादी एका वेळी लाखो अंडी पाण्यात सोडते, नर त्याहून कितीतरी पटींनी अधिक शुक्राणू सोडतो, आणि दोहोंची गाठ उघड्या पाण्यात पडते. अंडपेशीचा व्यास साधारणतः ०.१ मिलिमीटर असतो. तिच्या पृष्ठभागावर एकाच वेळी अनेक शुक्राणू येऊन चिकटू शकतात; मात्र त्यांपैकी एकानेच आत शिरणे गर्भाच्या जगण्यासाठी अनिवार्य असते.

एकाहून अधिक शुक्राणू शिरल्यास काय होते, हे जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सी-अर्चिनच्या अंड्यांवरील प्रयोगांतून दाखविले. प्रत्येक शुक्राणू आपल्याबरोबर केवळ गुणसूत्रेच नव्हे, तर पेशीविभाजनाचा ध्रुव तयार करणारा तारककायही आणतो. दोन शुक्राणू शिरले की दोनऐवजी चार ध्रुव तयार होतात आणि गुणसूत्रांचे तीन संच त्या चार ध्रुवांमध्ये वाटेल तसे ओढले जातात. पहिल्याच विभाजनात अंडे चार पेशींत फाटते. त्यांपैकी कोणत्या पेशीला कोणती गुणसूत्रे मिळतील याचा नेम नसतो. असे गर्भ थोडा काळ वाढतात आणि जवळजवळ सर्वच मरतात. प्रत्येक गुणसूत्राचे कार्य वेगळे असते आणि सामान्य वाढीसाठी त्यांचा पूर्ण संच लागतो, हा निष्कर्ष बोव्हेरी यांनी याच मरणाऱ्या गर्भांवरून काढला. पुढे १९१४ मध्ये त्यांनी मांडलेल्या कर्करोगाच्या गुणसूत्रीय उपपत्तीचे मूळही याच निरीक्षणांत आहे.

अनेक शुक्राणूंच्या या प्रवेशाला बहुशुक्राणू फलन म्हणतात. ते टाळण्यासाठी अंडपेशीला पहिला शुक्राणू आत घेताच उरलेल्यांना दार बंद करावे लागते. हे दार किती वेगाने आणि कसे बंद होते, या प्रश्नातून विद्युत् व कॅल्शियम प्रतिसादांचा शोध लागत गेला.

इतिहास

ऑस्कर हेर्टव्हिग यांनी १८७६ मध्ये भूमध्य समुद्रातील सी-अर्चिनच्या अंड्यात शुक्राणूचे व अंड्याचे केंद्रक एकत्र येत असल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर थोड्याच काळात स्वित्झर्लंडचे हेरमान फोल यांनी तारामाशाच्या अंड्यात शुक्राणू शिरताना प्रत्यक्ष पाहिला आणि शिरकावानंतर अंड्याभोवती एक पारदर्शक आवरण उचलले जाते, याची नोंद केली. हे आवरण एखाद्या फुग्यासारखे अंड्यापासून दूर सरकते आणि उशिरा आलेले शुक्राणू त्याच्या बाहेर अडकून राहतात. मात्र आवरण पूर्ण उचलले जाण्यास सुमारे एक मिनिट लागते. दाट शुक्राणूंनी वेढलेल्या अंड्यासाठी एक मिनिट हा फार मोठा अवधी आहे. मग या मिनिटात अंडे सुरक्षित कसे राहते?

या प्रश्नाचे पहिले अर्थपूर्ण उत्तर अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांनी दिले. जस्ट (१८८३–१९४१) हे अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात जन्मलेले कृष्णवर्णीय जीवशास्त्रज्ञ. वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठात ते अध्यापन करीत आणि १९०९ पासून सुमारे वीस वर्षे उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत संशोधन करीत. सँड डॉलर या चपट्या चकतीसारख्या, सी-अर्चिनच्या जवळच्या प्राण्याची अंडी त्यांनी अत्यंत बारकाईने पाहिली. १९१९ मध्ये त्यांनी लिहिले की शुक्राणू शिरलेल्या बिंदूपासून एक ‘नकाराची लाट’ अंड्याच्या पृष्ठभागावर पसरते. आवरण उचलले जाण्यापूर्वीच ही लाट जिथवर पोहोचते तिथवरचा पृष्ठभाग नव्या शुक्राणूंना स्वीकारीत नाही. जस्ट यांच्यापाशी विद्युत् मोजण्याचे साधन नव्हते. त्यांचा ‘नकार’ हा शुक्राणूला दिलेला नकार होता, ऋण विद्युत्‌भार नव्हे. नंतरच्या काही लेखनात या शब्दाचा अर्थ विद्युत् परिभाषेत लावण्यात आला, तो मुळाला धरून नाही. प्रत्यक्षात फलनाच्या वेळी अंड्याची आतली बाजू ऋण नव्हे, तर धन होते.

जस्ट यांच्या निरीक्षणांची अचूकता त्यांचे सहकारी मान्य करीत असत. पण वर्णभेदामुळे अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या संशोधन विद्यापीठाने त्यांना जागा दिली नाही. १९२९ नंतर त्यांनी आपले बरेचसे काम युरोपात, प्रामुख्याने नेपल्स, बर्लिन आणि फ्रान्समध्ये केले. अंड्याचा पृष्ठभाग हे निष्क्रिय वेष्टण नसून पेशीच्या वर्तनाचे एक केंद्र आहे, हा विचार त्यांनी १९३९ मधील पेशीपृष्ठाच्या जीवशास्त्रावरील ग्रंथात मांडला. १९४० मध्ये जर्मनीने फ्रान्सचा ताबा घेतल्यावर त्यांना काही काळ नजरकैदेत राहावे लागले. अमेरिकेत परतल्यावर दुसऱ्याच वर्षी कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. पुढील तीन-चार दशके त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळे. १९८३ मध्ये केनेथ मॅनिंग यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि १९९६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

जस्ट यांच्यानंतर इंग्लंडमध्ये लॉर्ड रॉथ्सचाइल्ड आणि मायकेल स्वान यांनी १९४९ ते १९५२ या काळात संख्यात्मक प्रयोग केले. ठरावीक वेळाने शुक्राणू घालून किती अंड्यांत बहुशुक्राणू फलन होते, हे मोजून त्यांनी असा निष्कर्ष काढला की अंड्याला दोन अडथळे असतात: काही सेकंदांत उभा राहणारा पण अपूर्ण असा जलद अडथळा, आणि सुमारे एका मिनिटात पूर्ण होणारा कायमचा मंद अडथळा. जलद अडथळा विद्युत् स्वरूपाचा आणि मंद अडथळा कॅल्शियमवर अवलंबून असतो, हे कळण्यास आणखी पंचवीस वर्षे जावी लागली.

विद्युत् प्रतिसाद

प्रत्येक सजीव पेशीच्या पटलाच्या दोन बाजूंना आयनांचे प्रमाण भिन्न असते. समुद्राच्या पाण्यात सोडियम विपुल असतो आणि अंडपेशीच्या आत पोटॅशियम. पटलातील सूक्ष्म मार्गिकांतून कोणता आयन किती सहज ये-जा करतो, त्यावर पटल विभव ठरते. फलनापूर्वी सी-अर्चिनच्या अंडपेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते (उणे ७० मिलिव्होल्ट).

ही संख्या मिळविणे सोपे नव्हते. विभव मोजण्यासाठी टोकाशी एक मायक्रोमीटरहूनही बारीक असलेली, क्षारद्रावणाने भरलेली काचेची नळी अंड्यात टोचावी लागते. टोचलेल्या जागेतून विद्युत् गळती झाली तर विभव प्रत्यक्षाहून कमी दिसते. अल्बर्टो मॉनरॉय, अल्बर्ट टायलर व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये तारामाशाच्या अंड्यावर, आणि युकिओ हिरामोतो यांनी १९५९ मध्ये सी-अर्चिनच्या अंड्यावर मोजणी केली. परंतु सी-अर्चिनच्या बाबतीत अनेक वर्षे उणे १० मिलिव्होल्टच्या आसपासचे आकडे मिळत राहिले आणि अंड्याचे खरे विभव किती, यावरच वाद चालला. उणे ७० हा आकडा सामान्यतः मान्य झाला तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस.

शुक्राणूचा संपर्क होताच एक ते तीन सेकंदांत विभव उणे ७० वरून सुमारे अधिक २० मिलिव्होल्टपर्यंत जाते. या बदलाला विध्रुवण म्हणतात आणि संपूर्ण घटनेला फलन विभव असे नाव आहे. अनेक जातींत आरंभी पटलातील विभवसंवेदी मार्गिकांतून थोडा कॅल्शियम आत येतो, म्हणजे मज्जापेशीत दिसते तसे अल्पकालीन क्रिया विभव उमटते, आणि त्यानंतर मुख्यतः सोडियम आत आल्यामुळे विभव धन पातळीवर टिकते. सुमारे एका मिनिटानंतर ते पुन्हा हळूहळू ऋण होते. त्यात पोटॅशियमच्या वाढत्या पारगम्यतेचा वाटा असतो.

हे विध्रुवण केवळ फलनाचे लक्षण आहे की तेच जलद अडथळा आहे, याचा निर्णय लॉरिंडा जाफी यांच्या १९७६ मधील प्रयोगाने दिला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जांभळ्या सी-अर्चिनच्या अंड्यात त्यांनी दोन विद्युत्‌अग्रे ठेवली: एक विभव मोजण्यासाठी, दुसरे प्रवाह सोडण्यासाठी. ज्या अंड्यांचे विभव शुक्राणूमुळे पुरेसे वर चढले नाही त्यांत एकाहून अधिक शुक्राणू शिरले. उलट, शुक्राणू घालण्यापूर्वीच प्रवाह सोडून विभव धन ठेवले, तर शुक्राणू पृष्ठभागाला चिकटून राहिले पण अंडे फलित झाले नाही. प्रवाह थांबवून विभव ऋण होऊ दिले की फलन झाले. थोडक्यात, केवळ विद्युत् दाब बदलून दार उघडता व बंद करता येते. या विषयातील प्रयोगांपैकी इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग दुसरा सांगता येत नाही.

यास पूरक पुरावे लवकरच मिळाले. समुद्राच्या पाण्यातील सोडियमचे प्रमाण कमी केले की विध्रुवण अपुरे होते आणि बहुशुक्राणू फलन वाढते. कॅलिफोर्नियाच्या चिखलात बिळे करून राहणाऱ्या उरेकिस या कृमीत जाफी, मेरेडिथ गोल्ड-सोमेरो व लिंडा हॉलंड यांनी, आणि तारामाशात शुन-इची मियाझाकी व सेत्सुरो हिराई यांनी १९७९ मध्ये असाच विद्युत् अडथळा दाखविला. १९८२ मध्ये पहिल्या गटाने एका जातीचे अंडे व दुसऱ्या जातीचे शुक्राणू वापरून प्रश्न पुढे नेला: विभवाची ‘जाण’ अंड्याला असते की शुक्राणूला? संकरित फलनात विभवाची मर्यादा शुक्राणू ज्या जातीचा त्या जातीप्रमाणे ठरते असे दिसले. यावरून शुक्राणूच्या पटलावरील एखाद्या भारित प्रथिनाला अंड्याच्या पटलात शिरण्यासाठी ऋण विभवाची मदत लागत असावी, अशी कल्पना मांडली गेली. त्या प्रथिनाची निर्विवाद ओळख अद्याप पटलेली नाही.

विद्युत् अडथळ्याविषयीचा वाद

विद्युत् अडथळ्याची कल्पना सर्वांनी स्वीकारली असे नाही. नेपल्सच्या प्राणिशास्त्रीय संशोधन केंद्रातील ब्रायन डेल यांनी लुई डीफेलिस व इतर सहकाऱ्यांसह १९७८ पासून भूमध्य समुद्रातील सी-अर्चिन व अ‍ॅसिडियन यांच्या अंड्यांवर काम केले. एकेका शुक्राणूच्या संपर्काने पटलाच्या वाहकतेत पायरीसारखी वाढ होते, हे त्यांनी नोंदविले. डेल यांचा आक्षेप असा की प्रयोगशाळेत वापरली जाणारी शुक्राणूंची घनता निसर्गात क्वचितच आढळते. पृष्ठभागाला चिकटलेल्या बहुतेक शुक्राणूंची अंडे सक्रिय करण्याची क्षमताच नसते. आणि त्यामुळे स्वतंत्र जलद अडथळ्याची गरज गृहीत धरणेच चुकीचे ठरू शकते.

एडवर्ड चेंबर्स व जॉन लिन यांनी १९८४ मध्ये अंड्याचे विभव कृत्रिमरीत्या एकाच पातळीवर स्थिर ठेवून केलेल्या प्रयोगांनी चित्र आणखी गुंतागुंतीचे केले. अति धन विभवास शुक्राणू शिरत नाही, हे त्यांनाही दिसले. परंतु विभव फार ऋण ठेवले असतानाही शुक्राणू अंड्यात विद्युत् प्रतिसाद उमटवतो आणि तरीही आत शिरण्यात अपयशी ठरतो, असे आढळले. म्हणजे विध्रुवण हे नंतर येणाऱ्या शुक्राणूंना रोखते, एवढेच नव्हे, तर पहिल्या शुक्राणूच्या यशस्वी प्रवेशालाही ते आवश्यक असते.

डेल यांच्या आक्षेपातील निसर्गाविषयीचा भाग महत्त्वाचा आहे. लाटांमध्ये शुक्राणू फार लवकर विरळ होतात आणि नरापासून दूर असलेली अनेक अंडी एकही शुक्राणू न मिळाल्याने वाया जातात, हे क्षेत्रीय अभ्यासांत दिसून आले आहे. त्याच वेळी दाट वस्तीत, नराच्या अगदी जवळ सोडलेल्या अंड्यांत बहुशुक्राणू फलनही घडते. त्यामुळे अंड्यापुढे दोन परस्परविरोधी धोके असतात: शुक्राणू न मिळण्याचा आणि फार मिळण्याचा. शुक्राणूला सहज वाट देणारे अंडे पहिल्या धोक्यातून वाचते आणि दुसऱ्यात सापडते. बहुसंख्य पाठ्यपुस्तके जलद विद्युत् अडथळा सिद्ध मानतात. तो सी-अर्चिन, तारामासा व उरेकिस यांच्यापुरता भक्कम पुराव्यावर उभा आहे, परंतु सर्व सागरी प्राण्यांना सरसकट लागू करता येत नाही.

कॅल्शियम प्रतिसाद

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमचे प्रमाण लिटरला सुमारे १० मिलिमोल असते. फलनापूर्वी अंडपेशीच्या द्रवातील मुक्त कॅल्शियम त्याच्या जवळपास एक लक्षांश, म्हणजे सुमारे ०.१ मायक्रोमोल एवढाच असतो. कॅल्शियम पेशीत नसतो असे नाही. तो आंतर्द्रव्यजालिकेच्या पोकळ्यांत कोंडून ठेवलेला असतो. फलनाच्या वेळी हा साठा खुला होतो आणि मुक्त कॅल्शियमचे प्रमाण दहापट किंवा त्याहून अधिक वाढते.

या कल्पनेचा पहिला प्रायोगिक आधार डॅनियल मेझिया यांनी १९३७ मध्ये दिला. आर्बेशिया या सी-अर्चिनच्या अंड्यांत फलनानंतर बद्ध कॅल्शियमपैकी काही मुक्त होतो, असे त्यांनी रासायनिक पृथक्करणाने दाखविले. पुढे जवळपास चार दशके हा धागा फारसा कोणी उचलला नाही. १९७४ मध्ये रिचर्ड स्टाइनहार्ट व डेव्हिड एपेल यांनी कॅल्शियमला पटलापार नेणारे ए-२३१८७ हे आयनवाहक द्रव्य सी-अर्चिनच्या अंड्यांवर वापरले. शुक्राणू नसतानाही अंडी सक्रिय झाली, आवरणे उचलली गेली. विशेष म्हणजे पाण्यातून कॅल्शियम काढून टाकला तरीही हे घडले. म्हणजे आवश्यक कॅल्शियम अंड्याच्या आतच होता. १८९९ मध्ये वुड्स होल येथे जॅक लोएब यांनी केवळ क्षारांचे प्रमाण बदलून सी-अर्चिनची अंडी शुक्राणूविना वाढीस लावली होती, तेव्हा वृत्तपत्रांत मोठी खळबळ माजली होती. त्या प्रयोगामागचे रासायनिक कारण आता दिसू लागले.

मुक्त कॅल्शियम प्रत्यक्ष पाहण्याचे साधन एका जेलीफिशने पुरविले. ओसामु शिमोमुरा व फ्रँक जॉन्सन यांनी १९६२ मध्ये एक्वोरिया या जेलीफिशपासून एक्वोरिन हे प्रथिन वेगळे केले. कॅल्शियमच्या संपर्कात ते निळसर प्रकाश देते. ते अंड्यात टोचले की कॅल्शियम वाढलेली जागा उजळते. १९७७ मध्ये मेडाका या जपानी माशाच्या अंड्यात आणि त्याच वर्षी सी-अर्चिनच्या अंड्यात फलनाच्या वेळी होणारी ही प्रकाशमान वाढ नोंदली गेली. मेडाकाच्या अंड्यात ती शुक्राणूच्या प्रवेशस्थानी उगवून विरुद्ध टोकापर्यंत एका पट्ट्यासारखी सरकत जाते, हे लायनेल जाफी यांच्या गटाने चित्रित केले. (लायनेल जाफी आणि लॉरिंडा जाफी या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, या विषयाच्या वाचनात दोघांची गल्लत अनेकदा होते.) १९८० च्या दशकात रॉजर चिएन यांनी तयार केलेल्या चमकणाऱ्या रंजकांमुळे मोजणी अधिक नेमकी झाली. शिमोमुरा व चिएन यांना मार्टिन चॅल्फी यांच्यासह २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र त्याच जेलीफिशमधील हिरव्या प्रकाशमान प्रथिनासाठी.

सी-अर्चिनमध्ये घटनांचा क्रम पुढीलप्रमाणे दिसतो. विध्रुवणाबरोबर पटलाच्या लगत कॅल्शियमची क्षणिक, सर्व बाजूंनी एकाच वेळी होणारी किंचित वाढ होते. त्यानंतर सुमारे दहा ते पंधरा सेकंद वरकरणी काहीच घडत नाही. मग शुक्राणूच्या प्रवेशस्थानी खरी लाट उठते आणि सेकंदाला सुमारे पाच मायक्रोमीटर वेगाने वीस ते तीस सेकंदांत संपूर्ण अंडे ओलांडते. विसरणाने पसरणाऱ्या पदार्थाचा वेग अंतराबरोबर घटतो; ही लाट मात्र शेवटपर्यंत जवळपास त्याच वेगाने जाते, कारण प्रत्येक ठिकाणी मुक्त झालेला कॅल्शियम शेजारचा साठा उघडतो. वाळलेल्या गवतातून वणवा पुढे जावा तसा हा प्रकार आहे.

साठा उघडणारी किल्ली म्हणून इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट या रेणूची भूमिका मायकेल व्हिटेकर व रॉबिन अर्व्हाइन यांनी १९८४ मध्ये तो रेणू अंड्यात टोचून सिद्ध केली. पटलातील एका मेदद्रव्याचे फॉस्फोलायपेज-सी गॅमा हे विकर विभाजन करते आणि त्यातून हा रेणू बनतो. हे विकर बाद केले की सी-अर्चिन व तारामासा यांच्या अंड्यांत लाट उठत नाही. याशिवाय कॅल्शियम मुक्त करणारे आणखी दोन रेणू, चक्रीय एडीपी-रायबोज आणि एनएएडीपी, हॉन चुंग ली व सहकाऱ्यांना सी-अर्चिनच्या अंड्यांच्या अर्कातच सापडले. नंतर ते माणसासह असंख्य प्राण्यांच्या पेशींत कार्यरत असल्याचे आढळले. सागरी अंड्यांवरील संशोधनाचा वैद्यकाला झालेला हा एक थेट लाभ होय.

शुक्राणू हे विकर नेमके कसे जागे करतो, हा मात्र वादाचा विषय आहे. एका मताप्रमाणे शुक्राणूवरील प्रथिन अंड्याच्या पृष्ठभागावरील ग्राहीला स्पर्शून संकेत देते. दुसऱ्या मताप्रमाणे पटले एकजीव झाल्यावर शुक्राणूतील एखादा पदार्थ अंड्यात ओतला जातो. सस्तन प्राण्यांत दुसरे मत खरे ठरले. २००२ मध्ये शुक्राणूतील फॉस्फोलायपेज-सी झीटा हे प्रथिन सापडले. सी-अर्चिनमध्ये त्याच्या तोडीचा पदार्थ निर्विवादपणे मिळालेला नाही. २००० मध्ये नायट्रिक ऑक्साइड हा तो संकेत असल्याचे प्रतिपादन गाजले. परंतु तीन वर्षांनी झालेल्या मोजणीत नायट्रिक ऑक्साइडची वाढ कॅल्शियमच्या लाटेनंतर होते असे आढळल्याने तो दावा मागे पडला.

फलन आवरणाची निर्मिती

कॅल्शियमची लाट जिथे पोहोचते तिथे अंड्याच्या पृष्ठभागाखाली मांडलेल्या बाह्यक कणिका फुटतात. सी-अर्चिनच्या एका अंड्यात अशा सुमारे १५,००० कणिका असतात. त्यांतील विकरे अंड्याचे पटल व त्याबाहेरील पीतक आवरण यांमधले दुवे कापतात. शर्करायुक्त द्रव्ये पाणी ओढून घेतात आणि आवरण वर उचलले जाते. अंडे स्वतः हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते आणि ओव्होपेरॉक्सिडेज हे विकर त्याच्या साहाय्याने आवरणातील प्रथिने एकमेकांना जखडून टाकते. मऊ आवरण कडक होते. हाच मंद पण कायमचा अडथळा. फोल यांनी पाहिलेले आवरण ते हेच, आणि जस्ट यांची लाट व कॅल्शियमची लाट या दोन्ही एकाच बिंदूपासून निघतात हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

कॅल्शियमचे काम इथे संपत नाही. लाटेनंतर सुमारे एका मिनिटात अंड्यातून हायड्रोजन आयन बाहेर जाऊ लागतात आणि सोडियम आत येतो. अंड्याची आम्लता घटते, सामू सुमारे ०.४ ने वाढतो. त्यामुळे सुप्त प्रथिननिर्मिती वेग घेते, पुढे डीएनएची प्रत बनते आणि जाती व तापमान यांप्रमाणे साधारण दीड तासात अंडे दोन पेशींत विभागते.

इतर सागरी प्राण्यांतील विविधता

अ‍ॅसिडियन हे खडकांना चिकटून राहणारे, पिशवीसारखे प्राणी असून त्यांच्या अंड्यांत बाह्यक कणिका नसतात. त्यांच्यात कॅल्शियमची एकच लाट न उठता पहिल्या मोठ्या लाटेनंतर ठरावीक अंतराने लहान लाटा येत राहतात. या लाटा अंड्याचे अपूर्ण राहिलेले अर्धसूत्री विभाजन पूर्ण करवितात. सस्तन प्राण्यांच्या अंड्यांतही अशीच आंदोलने होतात, म्हणून अ‍ॅसिडियनकडे अभ्यासकांचे विशेष लक्ष असते.

खेकडे व शेवंड यांच्या वर्गात चित्र उलटे आहे. खेकड्याच्या अंड्यात फलनाच्या वेळी पोटॅशियम बाहेर जातो आणि विभव अधिक धन होण्याऐवजी अधिक ऋण होते. पॅलेमॉन या कोळंबीच्या अंड्याला सक्रिय होण्यासाठी शुक्राणूही लागत नाही. मादीच्या शरीरातून बाहेर पडून समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियमचा स्पर्श होणे पुरते. काही द्विपुट शिंपल्यांत कॅल्शियमचा मोठा भाग आतल्या साठ्यातून नव्हे, तर बाहेरच्या पाण्यातून येतो.

सर्वांत विलक्षण उदाहरण कंगवाधारी जेलींपैकी बेरोई या प्राण्याचे आहे. त्याच्या अंड्यात अनेक शुक्राणू शिरतात आणि त्याने काही बिघडत नाही. अंड्याचे केंद्रक एका शुक्राणूच्या केंद्रकाकडून दुसऱ्याकडे असे पेशीत फिरत राहते आणि अखेर त्यांपैकी एकाशीच संयोग पावते. बोव्हेरी यांच्या सी-अर्चिनमध्ये जे मरणाचे कारण ठरले, ते इथे नेहमीचे आहे.

मानवी फलन आणि महाराष्ट्राचा संदर्भ

सस्तन प्राण्यांच्या अंड्यात विद्युत् अडथळा आढळत नाही. मात्र कॅल्शियमची आंदोलने सी-अर्चिनवरून शिकलेल्या पद्धतींनीच ओळखली गेली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या वैद्यकीय चमूच्या आणि प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या सहकार्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी शास्त्रीय नोंदी असलेले भारतातील पहिले परीक्षानळी बाळ जन्मले. काचेच्या बशीत अंडे व शुक्राणू एकत्र आणण्याची ही रीत हेर्टव्हिग यांच्या रीतीपेक्षा तत्त्वतः वेगळी नाही. पुढे एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडण्याचे तंत्र आले. त्यानंतरही अंडे सक्रिय होत नसेल, तर काही उपचार केंद्रांत १९७४ मध्ये सी-अर्चिनवर वापरलेल्या ए-२३१८७ सारख्याच आयनवाहक द्रव्याने कॅल्शियम वाढविला जातो.

कोकणच्या किनाऱ्यावर कालवे, तिसऱ्या आणि हिरवे शिंपले मोठ्या प्रमाणावर खाल्ले जातात. काही ठिकाणी त्यांची शेतीही होते. यांपैकी बहुतेक प्राणी आपली अंडी व शुक्राणू पाण्यातच सोडतात आणि त्यांचे बीज पाण्याच्या गुणवत्तेवर अवलंबून असते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढत चालल्याने समुद्राचा सामू घटत आहे. कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील लाल सी-अर्चिनवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कार्बन डायऑक्साइड वाढविलेल्या पाण्यात एकीकडे फलनासाठी अधिक शुक्राणू लागले आणि दुसरीकडे बहुशुक्राणू फलनाचा धोकाही वाढला. इतर जातींत हे परिणाम एकसारखे नसतात. काही जातींच्या अंड्यांवर सामूच्या अशा बदलाचा फारसा परिणाम दिसत नाही.